आधी हात मागं घे

मोबाइल खिशात घाल आणि ऐक. माझं बोलून होईपर्यंत 'पण सर' म्हणायचं नाही. नववीत होतास तेव्हाही तुझं प्रत्येक उत्तर 'पण सर'नंच सुरू व्हायचं. गृहपाठ का नाही केला? पण सर. प्रयोगवही कुठं आहे? पण सर. आता चाकूरच्या मेन रोडवर तुझं स्वतःचं दुकान आहे, भिंतीवर एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र लावलंयस आणि दारात पाटी आहे: 'डिलीट झालेले फोटो, व्हिडिओ, डेटा परत मिळेल. शंभर टक्के गॅरंटी.' मला आधी हे सांग, गॅरंटी कुणाच्या जिवावर दिलीस?

वडवळकडच्या एका गावची मावशी काल माझ्या ओसरीवर येऊन बसली होती. तू ओळखतोस तिला, तिच्याकडून सातशे रुपये मोजून घेतलेस. तिचा घरधनी गावच्या भजनी मंडळात पुढं उभा राहून गायचा. मागच्या पावसाळ्यात तो गेला. सप्ताहात कुणीतरी मोबाइलवर त्याचे अभंग टिपून ठेवले होते, ते सगळे सोळा जीबीच्या एका पेन ड्राइव्हमध्ये होते. नातवाला ट्रॅक्टरवर वाजवायला गाणी पाहिजे होती. पोरानं आतलं सगळं एका दमात निवडलं, डिलीट केलं आणि डीजेची गाणी भरायला घेतली. थोडी भरून झाली तेवढ्यात आजीनं विचारलं, "आजोबांचं त्यातच होतं न्हवं?" पोराचा चेहरा पडला. त्यानं तिथंच थांबवलं, पेन ड्राइव्ह उपसून काढला आणि पळत तुझ्याकडं आला.

आता नीट लक्ष दे. ते पोरगं आठवीतलं. चूक त्यानं केली, पण कळल्याबरोबर हात काढला. तू प्रमाणपत्रवाला, तुला तेवढंही सुचलं नाही.

तू काय केलंस ते मी सांगतो. पेन ड्राइव्ह लावलास. कुठून तरी उतरवलेलं, कुलूप तोडलेलं फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर उघडलंस. डिलीट झालेल्या फाइलींची यादी आली, तू 'सिलेक्ट ऑल' केलंस. मग त्यानं विचारलं, काढलेल्या फाइली कुठं ठेवू? आणि तू दाखवलास तोच पेन ड्राइव्ह! का, तर तुझ्या हार्ड डिस्कवर सिनेमे ठासून भरलेत, बोट शिरायला जागा नाही. अशा वेळी ही सॉफ्टवेअरं बजावून सांगतात की त्याच ड्राइव्हवर लिहू नका, बाकीचं जाईल. खिडकी उघडते, पिवळा त्रिकोण येतो. तू न वाचता ओके दाबलंस. वाचायची सवय शाळेत लागली नाही तर पुढं कुठंच लागत नाही बघ.

काल मावशीनं तो पेन ड्राइव्ह माझ्यासमोर लावला. माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर, मान थोडी पुढं काढून ऐकत. पहिला अभंग सुरू झाला. टाळ, पेटी, म्हाताऱ्याचा खडा आवाज. दोन ओळी झाल्या आणि मध्येच तिसऱ्याच अभंगाचं अर्धं कडवं सुरू. ते संपतंय न संपतंय तोच धाडकन डीजेचा ठेका. मावशी माझ्याकडं बघून म्हणाली, "सर, ह्यांच्या आवाजात हे काय घुसलंय?" तुझ्या गॅरंटीचं उत्तर मी तिला काय द्यायचं होतं?

तिला नाही सांगितलं, तुला सांगतो. कारण हे तुला ठाऊक असायला पाहिजे होतं. या कामाचेच पैसे घेतोस तू.

डिलीट म्हणजे तलाठ्याच्या वहीतून नाव खोडणं. शेत जागेवर असतं, उभं पीकही जागेवर असतं. वहीप्रमाणं ते आता कुणाचं नाही, एवढंच. दुसऱ्या कुणी येऊन त्यात नांगर घातला की मग पीक गेलं. पेन ड्राइव्हच्या सुरुवातीला अशी एक वही असते. फॅट 32 पद्धतीच्या ड्राइव्हवर फाइल डिलीट केली की तिच्या नावाचं पहिलं अक्षर काढून तिथं एक खूण टाकली जाते आणि फाइल कुठल्या कुठल्या तुकड्यांत ठेवलीय त्याची साखळी कोरी केली जाते. आतला आवाज मात्र होता तिथंच असतो. म्हणून तर तुला ती यादी दिसली. फाइलचे तुकडे इकडंतिकडं विखुरलेले असतील, तर साखळी गेल्यामुळं ते जुळवणं अवघड जातं. पण मावशीच्या फाइली कोऱ्या पेन ड्राइव्हवर एका वेळी भरलेल्या होत्या, म्हणजे बहुतेक सलग बसलेल्या. पोरानं भरलेल्या गाण्यांनी जेवढी जागा खाल्ली तेवढी गेली, तिला ब्रह्मदेवही परत आणू शकत नाही. बाकीचं बहुतेक सगळं वाचलं असतं. तुझ्या हातात ते वाचलेलं होतं, लेका! आणि तू एक अभंग काढायचा, तो दुसऱ्या अभंगाच्या अंगावर लिहायचा, दुसरा काढायचा, तो तिसऱ्याच्या अंगावर लिहायचा, असा नांगर फिरवत गेलास. एमपीथ्री फाइल छोट्या छोट्या तुकड्यांची असते आणि प्रत्येक तुकडा आपला आपण वाजतो, म्हणून वाजवणाऱ्या यंत्राला काही कळत नाही. ते पुढं जे सापडेल ते वाजवतं. अभंगात डीजे घुसला तो असा.

आता म्हणशील, सर, चूक कुणाकडूनही होते. होते ना! मोठमोठ्यांकडून होते. 'टॉय स्टोरी 2' हा सिनेमा तू पाहिलायस, तुझ्याच हार्ड डिस्कवर असेल. 1998 साली तो बनत असताना पिक्सार कंपनीत कुणीतरी चुकीच्या जागी पुसण्याची आज्ञा दिली आणि सिनेमाच्या फाइली लोकांच्या डोळ्यांदेखत एकेक करून नाहीशा व्हायला लागल्या. त्यांनी पहिलं काय केलं? फोन करून ओरडले, मशीनची वायर उपसा! काढायला सॉफ्टवेअर कुठलं, ते नंतर. आधी वायर. मग बॅकअप बघायला गेले तर तो बॅकअप नीट चालतच नव्हता आणि ते कुणी तपासलंही नव्हतं. सिनेमा वाचला तो गॅलिन सस्मन या बाईंमुळं. घरी तान्हं बाळ म्हणून त्या घरून काम करत होत्या आणि सिनेमाची एक प्रत त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर होती. तो कॉम्प्युटर गोधड्या-ब्लँकेटांत गुंडाळून गाडीतून ऑफिसात आणला. बघ, एवढी श्रीमंत कंपनी, एवढी हुशार माणसं, आणि शेवटी कामाला आली ती घरातली दुसरी प्रत.

उलट गोष्टही ऐक. 20 जुलै 1969 ला माणूस चंद्रावर उतरला. त्या उतरण्याचं सगळ्यात चांगलं चित्र ज्या मूळ टेपांवर होतं, त्या टेपा नासानं पुढं वर्षानुवर्षं शोधल्या. 2009 साली त्यांनी सांगून टाकलं की त्या बहुधा पुसून दुसऱ्याच कामाला वापरल्या गेल्या. का, तर टेपांचा तुटवडा होता. त्यांना ट्रॅक्टरची गाणी भरायची नव्हती, पण प्रकार तोच. जुन्यावर नवीन लिहिलं आणि संपलं. मग टीव्ही कंपन्यांकडच्या प्रती गोळा करून, स्वच्छ करून काम भागवलं. तिथंही पुन्हा दुसऱ्याकडची प्रतच.

आणि तू हात लावायच्या आधी मावशीला एवढंसुद्धा विचारलं नाहीस की, हे रेकॉर्डिंग आणखी कुणाकडं आहे का.

तुझ्या दुकानात पोरं टॅब घेऊन येतात, तेही मला कळलंय. महाज्योतीचा टॅब मिळालेली, लातूरला नीटचे क्लास करणारी एक मुलगी तुझ्याकडं आली होती. नोट्सचे फोटो उडाले म्हणून. तू तिच्या टॅबमध्ये तीन-तीन रिकव्हरीची अ‍ॅपं टाकलीस. प्रत्येक अ‍ॅप त्याच टॅबच्या साठवणीवर बसलं, नवीन जागा खाल्ली, जाहिराती दाखवल्या आणि शेवटी कुठूनतरी अंगठ्याएवढे अंधूक फोटो काढून दाखवले. ते फोटो परत आलेले नव्हते, गॅलरीनं आपल्या सोयीसाठी ठेवलेली चिटुकली चित्रं होती ती. मुलगी माझ्याकडं आली. मी तिला गुगल फोटोजमधलं 'ट्रॅश' उघडायला लावलं. बॅकअप झालेला फोटो तिथं डिलीट केल्यावर 60 दिवस राहतो, बॅकअप नसलेला 30 दिवस. तिचे फोटो तिथं बसलेले होते. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीतही फाइल 30 दिवस राहते. आयफोनवर 'रिसेंटली डिलीटेड' असतं, तिथंही साधारण महिनाभर. हे बघायला प्रमाणपत्र लागत नाही रे, डोळे लागतात. आणि कचरापेटीही रिकामी केलेली असेल, तर नव्या अँड्रॉइड टॅबमधून अ‍ॅप टाकून काही निघत नाही. ती साठवण सांकेतिक रूपात असते आणि फाइल गेली की ती उलगडायचा मार्गही जातो. असं असलं की गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं, 'ताई, नाही मिळणार.' नाही म्हणायला लाज कसली? लाज सातशे रुपये घेताना वाटायला पाहिजे होती.

लॅपटॉपमधल्या एसएसडीचं तेच. विंडोज 7 पासून ट्रिम नावाची सोय आहे. फाइल डिलीट केली की विंडोज एसएसडीला कळवून टाकतं, ही जागा आता मोकळी. एसएसडी ती आपल्या सवडीनं खरोखरच साफ करून टाकते. तिथं आधी रीसायकल बिन बघ, वनड्राइव्ह चालू असेल तर त्याची कचरापेटी बघ, फाइलवर उजवं बटण दाबून जुनी आवृत्ती राहिलीय का ते बघ. त्यापलीकडं आशा थोडी. आणि हार्ड डिस्क टकटक आवाज करायला लागली असेल तर ती चालूच ठेवायची नाही. स्क्रू ड्रायव्हर घेऊन उघडायची तर मुळीच नाही. तुझ्या दुकानातल्या एका धुळीच्या कणानं तिची माती होते. पुण्या-मुंबईत त्यासाठी प्रयोगशाळा आहेत. खर्च सांग, गिऱ्हाइकाला ठरवू दे.

मग तुझ्याकडं उरतं काय? पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, जुन्या हार्ड डिस्का. चाकुरात तेवढं पुष्कळ आहे. लग्नाचे फोटोग्राफर, शाळा, सोसायट्या, पतसंस्था, सगळ्यांचं घोडं कधी ना कधी तिथंच अडतं. पण ते काम कसं करायचं? आधी अख्ख्या ड्राइव्हची प्रतिमा घ्यायची, दुसऱ्या डिस्कवर. एकेक फाइल नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत जसंच्या तसं सगळं, मोकळी दिसणारी जागासुद्धा. विन 32 डिस्क इमेजर नावाचं फुकट मिळणारं, चोरीचं नसलेलं सॉफ्टवेअर आहे. त्यात 'रीड' आणि 'राइट' ही दोन बटणं शेजारी शेजारी आहेत. 'रीड' दाबलं तर पेन ड्राइव्हवरचं डिस्कवर येतं. 'राइट' दाबलं तर डिस्कवरचं पेन ड्राइव्हवर जातं आणि मूळ सगळं साफ. तुझ्यासारख्या न वाचता ओके दाबणाऱ्याला ते दाखवायची मला भीतीच वाटते. मेमरी कार्ड असेल तर अ‍ॅडॉप्टरच्या कडेला बारीकशी लॉकची पट्टी असते, ती खाली सरकवून मगच रीडरमध्ये घालायचं, म्हणजे चुकून लिहिलं जाणार नाही. कितीदा तू ते कार्ड हाताळलं असशील, ती पट्टी कशाला असते हे कधी विचारलंस?

प्रतिमा झाली की मूळ ड्राइव्ह पाकिटात घालून बाजूला ठेवायचा, त्यावर गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख लिहायची आणि पुढचं सगळं काम प्रतिमेवर करायचं. फोटोरेक नावाचं मोफत आणि खुलं सॉफ्टवेअर वही बघतच नाही, सरळ साठवण चाळत जातं आणि सुरुवातीच्या खुणेवरून ओळखतं की हा फोटो, हे गाणं, हा वर्डचा कागद. काळ्या पडद्यावर चालतं म्हणून तुझ्यासारखे त्याच्या वाटेला जात नाहीत. फाइलींची मूळ नावं येत नाहीत, एफ आणि पुढं लांबलचक आकडे अशी येतात. मग एकेक उघडून, ऐकून, बघून नाव द्यायचं. यात अख्खी दुपार जाते. जाऊ दे. सातशे रुपये त्या दुपारचे असतात, क्लिकचे नव्हेत. आणि डीटीपीवाल्याची जुनी पेजमेकरची फाइल असेल तर त्याला सांग, फाइल निघेल, पण तेव्हाचा श्रीलिपीचा किंवा शिवाजीचा फॉन्ट नसला तर अक्षरांच्या जागी किडेमुंग्या दिसतील. लग्नपत्रिका छापणारे हे ऐकून रडकुंडीला येतात, कारण फॉन्टची सीडी कुणी जपून ठेवलेली नसते.

जपून ठेवण्यावरून सांगतो. 2023 च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणासाठी जुन्या नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या तहसिलींतली जुनी दप्तरं उघडली गेली. निजामाच्या काळातले कागद, काही मोडीत, काही उर्दूत. वाचणारी माणसं शोधावी लागली, पण कागद सापडले. आरक्षणाचं काय व्हायचं ते होवो, मला त्यात पडायचं नाही. मला एवढंच दिसतं की निजाम 1948 ला गेला आणि त्याच्या कारकुनानं लाल फडक्यात बांधलेला कागद अजून वाचता येतो. त्या कारकुनाकडं वीज नव्हती, प्रमाणपत्र नव्हतं. फडकं होतं आणि गाठ मारायची शिस्त होती. तुझ्याकडं सगळं आहे आणि मावशीचा अभंग तुझ्या टेबलावर तासाभरात मेला.

आता पोरीसारखं डोळ्यांत पाणी आणू नकोस... नाही, हे चुकीचं बोललो, पोरी असं करत नाहीत. ती टॅबवाली मुलगी तुझ्यापेक्षा खंबीर होती. घरी जाऊन तिनं सगळे फोटो भावाच्या लॅपटॉपवर उतरवले आणि एक प्रत मामाच्या पेन ड्राइव्हवर ठेवली. मी सांगितलं नव्हतं.

तर आता ऊठ. आधी दारातली पाटी उतरव. 'शंभर टक्के गॅरंटी' खोड, 'प्रयत्न करून पाहू, न मिळाल्यास पैसे नाहीत' असं लिही. शुद्धलेखन मला दाखवून मग रंगव. मावशीचा पेन ड्राइव्ह मी काल ठेवून घेतलाय, पाकिटात घालून. तू जे खराब केलंस ते केलंस, पण सोळा जीबीतली सगळी जागा अजून लिहिली गेलेली नाही, काही अभंग आत शाबूत असतील. रविवारी एक रिकामी हार्ड डिस्क घेऊन माझ्या घरी ये, सिनेमे भरलेली नको. प्रतिमा आपण माझ्यासमोर घेऊ आणि 'रीड'चं बटण दाबायच्या आधी तू ते मोठ्यानं वाचशील.

त्याच्या आधी, आजच, मोटारसायकल काढ आणि मावशीच्या गावाला जा. पेटी कोण वाजवायचं, पखवाज कोण धरायचं, सप्ताहात मोबाइल कुणी धरला होता, ते विचार. त्या प्रत्येकाच्या मोबाइलमधलं व्हॉट्सअ‍ॅपच्या ऑडिओचं फोल्डर बघ. अभंग टिपला की गावात तो एकमेकांना पाठवतातच, कुणाच्या तरी जुन्या मोबाइलमध्ये तो पडलेला असेल. मिळाला की लगेच दोन ठिकाणी उतरव, एक मावशीच्या घरी, एक तिच्या मुलाकडं लातूरला. तिथल्या कुणाच्या मोबाइलमधलं काही डिलीट करायचं नाही, काही नवीन टाकायचं नाही.

आणि जाताना सातशे रुपये बरोबर घे. ते मावशीच्या हातात द्यायचे, नातवाच्या नव्हे, आणि काय चुकलं ते तिला तिच्या भाषेत, उभं राहून सांगायचं.